लाबास्तिद-दार्मान्याक : बाजारासाठी वसवलेले गाव

गेल्या जून महिन्यात फ्रान्समधील तुलूझ येथे कन्येकडे मुक्काम असताना जावईबापूंनी एका रविवारी आम्हा उभयतांना लाबास्तिद-दार्मान्याक या गावी नेले. फ्रान्सच्या नैऋत्येकडील हा मुलूख आर्मान्याक या ब्रँडीसाठी प्रसिद्ध आहे. ज्या घरात कांदासुद्धा येत नाही, त्या घरच्या माणसांनी तिथे जाऊन पाहायचे काय, असा प्रश्न सौभाग्यवतींनी निघतानाच विचारला. त्या प्रांतातील जेवणात बदकाचे मांस ठायी ठायी असते, म्हणून थेपले आणि खाकरे सोबत घेतले होते. जूनमध्ये तिकडे सूर्यास्त रात्री साडेनऊनंतर होतो. चौविहाराची चिंता नव्हती.

आर्मान्याकचा काउंट सहावा बर्नार्ड याने १२९१ साली हे गाव वसवले. अशा गावांना तिकडे ‘बास्तिद’ म्हणतात. तेराव्या-चौदाव्या शतकांत नैऋत्य फ्रान्समध्ये अशी शेकडो गावे आखून वसवली गेली. वस्तीस येणाऱ्याला घरासाठी व शेतीसाठी जमीन मिळे, त्याचे हक्क सनदेत लिहून दिले जात, बाजाराचा वार ठरवून दिला जाई. त्याबदल्यात संस्थापकाला बाजाराचे व जमिनीचे उत्पन्न मिळे. आपल्याकडे पेठ वसवताना व्यापाऱ्यांना सवलती दिल्या जात, त्याचीच आठवण झाली. गावाच्या मध्यभागी चौक आहे. त्याच्या भोवतीची लाकडी चौकटींची जुनी घरे खांबांवर आणि कमानींवर पुढे आली आहेत, त्यामुळे खाली सलग ओसरी तयार होते. पाऊस असो वा ऊन, माल मांडून बसावे! तटबंदीसारख्या मनोऱ्याचे चर्च जवळच आहे. परंतु मानाची जागा बाजाराला दिलेली आहे. राजा चौथा हेन्री याला पॅरिसमधील प्लास दे व्होज या चौकाची कल्पना येथूनच सुचली, असे गावात अभिमानाने सांगितले जाते. गावाबाहेर सायकलस्वारांसाठी वाहिलेले एक छोटे प्रार्थनामंदिरही आहे. शर्यतपटूंनी अर्पण केलेले सदरे तिथे टांगलेले आहेत.

आता ब्रँडीविषयी. या व्यापाराचा इतिहास वाचताना माझ्यातील वाणिज्य शाखेचा विद्यार्थी जागा झाला. बोर्दो बंदराच्या व्यापाऱ्यांना असा विशेषाधिकार होता की, त्यांचा स्वतःचा द्राक्षासव विकला जाईपर्यंत गारोन नदीच्या वरच्या भागातील द्राक्षासव बंदरात येऊ देऊ नये. ऊर्ध्वपातित अर्कावर मात्र हे बंधन नव्हते. सतराव्या शतकात डच व्यापारी असा अर्क मोठ्या प्रमाणावर विकत घेऊ लागले. वाहतुकीला हलका, न नासणारा आणि जकातीच्या अडसरातून सुटलेला! या बाजूचा माल मों-द-मार्सांहून मिदूझ व अदूर या नद्यांवरून बायोन बंदराला जाई. वाट अडवली की व्यापारी दुसरी काढतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

दुपारी एका शेतकरी कुटुंबाचे गोदाम पाहिले. आंबट, पातळ पांढरा द्राक्षासव तांब्याच्या भट्टीतून एकदाच उकळून काढतात आणि ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षे ठेवतात. पिंपावर वर्षाचा आकडा खडूने लिहिलेला. एकाच वर्षाचा म्हणून विकायचा माल किमान दहा वर्षे तरी ठेवावा लागतो. दरसाल थोडा अंश लाकडातून उडून जातो. त्याला ते ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. आम्ही स्टॉक स्टेटमेंटमध्ये त्याला ‘घट’ म्हटले असते आणि मार्जिन वाढवले असते.

यजमानीणबाईंनी चव घेण्यासाठी छोटे पेले पुढे केले. जावईबापूंनी आमचा नियम समजावून सांगितला. बाईंनी मुळीच वाईट न वाटून घेता थंड पाणी आणून दिले. पाण्याचा पेला हाती घेऊन मी त्या पिंपांकडे पाहत राहिलो. एक जुनी गोष्ट आठवली, जी मी घरात कधी सांगितली नव्हती.

शाखाधिकारी असताना एका मद्यविक्रेत्याच्या गोदामावर कॅश क्रेडिटची शिफारस मी केली होती. ताळेबंद उत्तम होता, तारण भक्कम होते, नियमानुसार नकार देण्यास आधार नव्हता. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत रसवाणिज्य येते, हे मला वडिलांनी लहानपणीच शिकवले होते. मी स्वतः व्यापार केला नव्हता, हे खरे. परंतु दर तिमाहीला कुलूप उघडून खोकी मोजणारा मीच होतो. दुसऱ्या अधिकाऱ्याकडे ते प्रकरण सोपवण्याची विनंती करता आली असती. बढतीचे वर्ष होते, म्हणून केली नाही.

परतताना चौकातल्या ओसरीत बाकावर बसून डबा उघडला, तेव्हा हे सर्व सौभाग्यवतींना सांगितले. त्यांनी थेपल्याचा तुकडा हातातच ठेवला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर विचारले, “व्याज वेळेवर येत होते का?”

“खाते एकदाही थकले नाही,” मी म्हणालो.

“तेच तर,” असे म्हणून त्यांनी माझ्या ताटलीत लोणचे वाढले.