मिडी आणि इफेक्ट्स : दोष कुणाचा?

इफेक्ट्स प्रोसेसरला मिडीची केबल जोडली की आवाज पातळ पडतो, अशी तक्रार स्टुडिओंतून अजूनही ऐकू येते. ती खरी असूच शकत नाही, कारण पाच पिनांच्या त्या केबलमधून आवाज जातच नाही. १९८३ साली आलेल्या मिडी १.० मध्ये धावतात ते नुसते आकडे: चॅनल कोणता, कंट्रोलर कोणता, ० ते १२७ मधली किंमत कोणती. गायकाचा आवाज रिव्हर्बमध्ये शिरतो आणि बाहेर पडतो तो वेगळ्या ऑडिओ वायरींतून. शिवाय मिडी इनला ऑप्टो-आयसोलेटर असतो, म्हणजे हुकूम प्रकाशाच्या वाटेने आत जातो आणि ग्राउंडची घरघर त्या मार्गाने येत नाही. यूएसबीने जोडल्यावर मात्र हे संरक्षण राहीलच असे नाही. कम्प्युटरची किणकिण ऑडिओत उतरू शकते. तेव्हा शिव्या मिडीला पडतात, चूक वायरिंगची असते.

मिडी फक्त हुकूम पोचवतो. त्याचा अर्थ लावतो प्रोसेसर. बहुतेक गैरसमज हा फरक विसरल्यामुळेच होतात. भलताच प्रीसेट लागण्याचे उदाहरण घ्या. प्रोग्रॅम चेंजच्या संदेशात ० ते १२७ हे आकडे जातात, पण अनेक यंत्रांच्या पडद्यावर तेच १ ते १२८ दिसतात, त्यामुळे एकाचा फरक पडतो. त्यातून काही प्रोसेसरांत आलेल्या आकड्याला कोणता प्रीसेट जोडायचा याचा तक्ताच असतो; यामाहाच्या एसपीएक्स९०मध्ये तो होता. तक्ता कुणीतरी बदलून ठेवलेला असला की पाठवणारा हताश होतो, आणि संदेश तर बिनचूक पोचलेला असतो. प्रीसेट बदलताना रिव्हर्बची शेपटी तुटते तीही प्रोसेसर जुना अल्गोरिदम उतरवून नवा चढवतो म्हणून. त्यावर उपाय असा की प्रीसेट बदलायचाच नाही. कंट्रोल चेंजने, म्हणजे कंट्रोलरची किंमत बदलणाऱ्या संदेशाने, इफेक्टकडे जाणारी पातळी तेवढी खाली आणायची. आधीचा नाद मग आपसूक विरतो. ही काही नवी युक्ती नव्हे, लेक्सिकॉनच्या पीसीएम७०वर १९८०च्या दशकातच चालू आवाजात पॅरामीटर मिडीने हलवता येत होते.

१२८ पायऱ्या फार ढोबळ आहेत, हा आक्षेप जास्त वजनदार. रिव्हर्बच्या मिक्सला त्या पुरतात. पण एक सेकंदापर्यंतचा डिले एका नॉबवर बसवला तर प्रत्येक पायरी सुमारे ८ मिलिसेकंदांची होते आणि फिरवताना करकर ऐकू येते. इथेही प्रोसेसर दोन किमतींमधला प्रवास गुळगुळीत करतो की उडी मारतो, यावर बरेच ठरते. मिडी १.०मध्ये १४ बिटांची, म्हणजे १६,३८४ पायऱ्यांची सोय आहे. ती वाचणारे प्रोसेसर मात्र कमी. प्रोसेसरवर कंट्रोलरची मर्यादा आखता येत असेल, तर तीच कक्षा ३०० ते ४०० मिलिसेकंदांवर आणली की पायरी एका मिलिसेकंदाच्या आत येते.

मिडी संथ आहे, हे अर्धसत्य. सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने तीन बाइटचा संदेश ०.९६ मिलिसेकंदात जातो. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून जेमतेम हातभर सरकतो. पण एकाच केबलवर सोळा नॉब एकदम फिरवले तर शेवटचा संदेश सुमारे १५ मिलिसेकंद मागे पडतो, आणि त्यातच कुणी सिस्टिम एक्सक्लुझिव्हचा, म्हणजे त्या-त्या यंत्रापुरत्या खास माहितीचा, दहा हजार बाइटांचा डंप सोडला तर केबल तीन सेकंद अडते. ही मर्यादा खरी आहे. केबल एकाच दिशेने बोलते, प्रोसेसरने ऐकले की नाही हे पाठवणाऱ्याला कळत नाही, हीसुद्धा. २०२०च्या मिडी २.०मध्ये दुतर्फा संवाद आणि ३२ बिटांचे कंट्रोलर आले, पण रॅकमधला जुना प्रोसेसर त्याने बदलत नाही. त्याच्यासाठी गाण्याच्या आरंभी सगळ्या किमती पुन्हा पाठवणे आले.

काय पाठवायचे, हे मॅन्युअलच्या शेवटच्या पानांतला मिडी इम्प्लिमेंटेशनचा तक्ता सांगतो. त्यात पाठवतो आणि ओळखतो असे दोन रकाने असतात. ओळखतोच्या रकान्यात कंट्रोल चेंजसमोर फुली असेल, तर जगातला कितीही महाग कंट्रोलर आणला तरी त्या संदेशाने त्या प्रोसेसरचा डिले हलणार नाही.