शाळेतली तपासणी, दवाखान्यातला संगणक आणि आपल्या लेकराचा हक्क

शाळेत डॉक्टरांची गाडी येते. मुलांचे वजन-उंची घेतात, डोळे, दात, छाती तपासतात आणि काही मुलांच्या हातात पुढच्या तपासणीची चिठ्ठी देतात. पुष्कळ घरांत ही चिठ्ठी दप्तरातच राहते. मोठ्या दवाखान्याचे बिल कोण भरणार, या धास्तीने आईबाप पुढे पाऊल टाकत नाहीत. म्हणून हे बिल कोण भरते आणि कुठे अडते, ते आम्ही या अंकात सांगत आहोत.

ही गाडी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. या कार्यक्रमाची देशातली सुरुवात आपल्याच भागातून, पालघरमधून, 6 फेब्रुवारी 2013 रोजी झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची यात तपासणी होते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी व अनुदानित शाळांत एकदा. जन्मतः असलेले दोष, आजार, जीवनसत्त्वे-रक्त यांची कमतरता आणि वाढीतला उशीर, अशा चार गटांतल्या सुमारे 30 व्याधी पाहतात. 1992 मध्ये वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली, ते जव्हार-मोखाडा अजून विसरलेले नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत आपल्या वस्तीतली मुले आणि पाड्यांवरची वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी मुले एकाच बाकावर बसतात. ही तपासणी त्या सगळ्यांची आहे.

बिल कोण भरते?

शाळेतल्या तपासणीचे बिल होत नाही. तो खर्च राष्ट्रीय आरोग्य अभियानातून होतो; त्यात केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के. हृदयाला छिद्र आहे, ओठ-टाळू दुभंगलेली आहे, असे निघाले की शस्त्रक्रियेची गरज पडते. तिथे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना कामी येते. 2012 साली ती राजीव गांधी जीवनदायी योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, 2013 च्या नोव्हेंबरात राज्यभर गेली आणि 2017 पासून तिला जोतिबांचे नाव मिळाले. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखांपर्यंत उपचार मिळत. 2023 च्या शासन निर्णयाने ही मर्यादा 5 लाख झाली आणि पांढऱ्या रेशनकार्डाची घरेही योजनेत आली.

संगणकाचे काम काय?

योजनेतला पैसा रुग्णाच्या हातात येत नाही, दवाखान्याच्या खात्यात जातो आणि तोही संगणकावरून. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात. ते रेशनकार्ड व ओळखपत्र पाहून मुलाची नोंद करतात. दवाखाना रिपोर्ट जोडून मंजुरी मागतो. मंजुरी आल्यावर शस्त्रक्रिया होते. मूल घरी गेल्यावर दवाखाना कागद चढवून आपला दावा लावतो आणि तो पास झाला की पैसे येतात. जीव धोक्यात असेल तर आधी फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात, कागद नंतर.

यातली एक पायरी हुकली तरी काम अडते. नेट नसले तर मंजुरी थांबते. दावा लावणारे माणूस नसले तर सरकारी दवाखान्याने केलेल्या उपचाराचे पैसेही त्याला मिळत नाहीत. हे पैसे आले असते तर औषधे, यंत्रे, दुरुस्ती यांना लागले असते. तेव्हा घाटातल्या दवाखान्यात चालणारा संगणक, चालणारे नेट आणि त्यावर बसणारे शिकलेले माणूस यांवर केलेला खर्च वाया जात नाही.

अमेरिकेत तर शाळाच गरीब मुलांच्या उपचाराचे बिल सरकारी विमा योजनेला लावतात. 1988 च्या कायद्याने ही वाट मोकळी झाली. पण लहान शाळांना ते कागदकाम झेपेना, म्हणून 2022 मध्ये तिथल्या संसदेने या कामासाठी राज्यांना 5 कोटी डॉलर मंजूर केले. आपल्याकडे बिल शाळा लावत नाही, दवाखाना लावतो. तरी धडा एकच: हक्क कायद्यात लिहिला, तरी तो कागदावर चढवायला माणूस आणि साधन लागते, आणि त्यासाठी वेगळा पैसा ठेवावा लागतो.

आपण काय मागायचे?

सरकारी दवाखान्यात रुग्ण कल्याण समिती असते. आपला दवाखाना योजनेत आहे का, वर्षभरात किती दावे लावले, किती पास झाले, किती अडले, हे समितीला लेखी विचारा. नेट, बॅटरी, ऑपरेटर यांसाठी जिल्हा वार्षिक योजनेतून आणि जव्हारच्या आदिवासी विकास प्रकल्पाकडून तरतूद व्हावी, असा ठराव ग्रामसभेत मांडा. वस्ती आणि पाडा मिळून मागणी केली तर ती टाळणे अवघड जाते.

घरी आजच काय करायचे?

- मुलाचे नाव रेशनकार्डावर चढवा. आजारपणात धावपळ करून ते होत नाही.
- आधार, रेशनकार्ड आणि जन्मदाखला यांवर नाव व जन्मतारीख एकच आहे का ते पाहा. एका अक्षराच्या फरकानेही नोंद अडते.
- मुलाला 5 आणि 15 वर्षे पूर्ण झाली की आधारवरचे बोटांचे ठसे नव्याने द्या.
- शाळेतली चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट एका पिशवीत ठेवा. चिठ्ठी हरवली तर मुख्याध्यापकांकडे किंवा आशाताईंकडे चौकशी करा.
- नाशिकला किंवा मुंबईला निघण्यापूर्वी 155388 किंवा 1800 233 2200 या मोफत क्रमांकावर दवाखाना योजनेत आहे का, ते विचारा.
- मंजूर उपचारासाठी कोणी पैसे मागितले तर पावती मागा आणि याच क्रमांकांवर तक्रार करा. तपासण्या, औषधे, रुग्णाचे जेवण आणि घरी परतण्याचे एसटीचे भाडे हे मंजूर रकमेतच धरलेले असते.

चिठ्ठी हाती आली की त्याच आठवड्यात दवाखान्याची वाट धरा. हृदयाचा दोष वेळेत कळला तर पुष्कळ मुले पुढे धडधाकट होतात. उशीर झाला तर तोच दोष जिवावर बेततो. ज्यांना वाचता येत नाही, त्या शेजाऱ्यांना ही माहिती वाचून दाखवा. विहारातल्या रविवारच्या बैठकीत दहा मिनिटे या विषयाला द्या आणि वस्तीतल्या किती मुलांची चिठ्ठी अजून दप्तरात पडून आहे, ते मोजा.

जय भीम!