जादूचे बूट आणि दोरावरची पोर

मेहकर, चिखली, मलकापूर, खामगाव. बुलडाणा जिल्ह्यातला बाजार कोणताही असो, डोंबाऱ्याचा खेळ कधी पाहिलाच नाही असा माणूस तिथे विरळा. बांबूच्या दोन कैच्या उभ्या राहतात, त्यांच्यावर दोर ताणला जातो, खाली आई ढोलकी वाजवते आणि आठ-नऊ वर्षांची पोर हातात आडवी काठी धरून वर चढते. आधी अनवाणी चालते, मग पायाखाली परात घेते, मग सायकलची रिंग. दोराच्या मध्यावर आली की ती कमरेतून झुलते, ढोलकीच्या ठेक्यावर दोर हलवते. लोक टाळ्या वाजवतात. खेळ संपला की तीच पोर थाळी घेऊन फिरते, आणि टाळ्या वाजवणारे हात खिशाकडे न जाता गर्दी पांगू लागते.

ह्या पोरीच्या कलेला नाव कोणते द्यायचे, हा ह्या लेखाचा प्रश्न आहे. तो विचारण्याचे कारण असे, की 'रस्त्यावरचा नाच' ह्या शब्दाला अलीकडे मोठी प्रतिष्ठा आली आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स वस्तीत १९७३ च्या सुमारास काळ्या आणि पोर्तोरिकन पोरांनी फुटपाथवर पुठ्ठे अंथरून जो नाच सुरू केला, तो २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये खेळ म्हणून खेळला गेला. आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांतही तो पोहोचला आहे. मुलांना हे सारे पडद्यावरून मिळते. आणि पडदा काय दाखवतो व काय झाकतो हे शिक्षकाने पाहिले पाहिजे.

ह्यासाठी एक जुने उदाहरण घेऊ. १९९१ साली अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीने मुलांसाठी 'हॅमरमॅन' नावाची कार्टून मालिका दाखवली. तिचा नायक स्टॅन्ली बरेल हा मुलांच्या क्रीडाकेंद्रात काम करणारा काळा तरुण. त्याच्याजवळ नाचाचे जादूचे बूट आहेत, बोलणारे. ते पायांत घातले की तो हॅमरमॅन होतो आणि दुष्टांचा बंदोबस्त करतो. हे बूट पूर्वी सोलमन नावाच्या, आता म्हाताऱ्या झालेल्या नायकाचे होते. म्हणजे नाचाची विद्या पिढीकडून पिढीकडे आली, हेही त्यात आहे. तेरा भागांत मालिका आटोपली. ती थोर होती असे कोणी म्हणत नाही, आणि आपल्या मुलांनी ती शोधून पाहावी असेही नाही. परंतु ती ज्या माणसावर बेतली होती, त्याची हकीकत मालिकेपेक्षा बोलकी आहे.

स्टॅन्ली बरेल हे गायक-नर्तक एम. सी. हॅमर ह्यांचेच मूळ नाव. ते कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचे. गरीब घरातला हा पोरगा तिथल्या बेसबॉल मैदानाबाहेर, गाड्या उभ्या करायच्या जागेत नाचायचा. संघाच्या मालकाच्या नजरेस तो पडला आणि अकरा वर्षांच्या त्या पोराला संघाकडे बॅटी उचलून देण्याचे काम मिळाले. पुढे १९९० साली आलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या, आणि १९९६ साली त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. आता पाहा, ह्या हकीकतीत जादू कुठेच नाही. गाड्यांच्या गर्दीत नाचणारा पोरगा आहे, आणि त्याच्याकडे पाहणारा पैसेवाला मालक आहे. त्या दिवशी मालकाने मान वळवली नसती तर? कार्टूनने हा सगळा प्रश्न बुटांत घालून टाकला. बूट मिळाले की सामर्थ्य मिळाले. कोणी पाहिले, कोणी पैसे दिले, कोणी हाकलले, हे विचारायचे कारण उरत नाही.

ओकलंड हे नाव आपल्या वाचकांना परके नाही. १९६६ साली ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील ह्यांनी ब्लॅक पँथर पक्ष स्थापला तो ह्याच गावात, आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतले ते त्यांचेच. ह्या पँथरांनी १९६९ च्या आरंभी ओकलंडमधल्या एका चर्चमध्ये शाळकरी मुलांना सकाळची मोफत न्याहारी द्यायला सुरुवात केली. पोर उपाशी असेल तर त्याच्या कानात अक्षर शिरत नाही, हे त्यांना ठाऊक होते. एकाच गावातून मुलांसाठी दोन गोष्टी निघाल्या: न्याहारीचे ताट आणि जादूचे बूट. टीव्हीवर कोणती आली हे सांगायला नको.

आपल्या पोरीकडे परत येऊ. कायद्याच्या पुस्तकात ती कोण आहे? १९५९ चा मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायदा महाराष्ट्राचा. त्याने भीक मागण्याची जी व्याख्या केली आहे तिच्यात सार्वजनिक जागी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करून दाखवणे ह्या मिषाने दान घेणेही येते. म्हणजे ढोलकी वाजवणारी आई कायद्याने भिकारी ठरू शकते, आणि दोषी ठरल्यास तिला पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे संस्थेत डांबता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये ह्या कायद्याची अनेक कलमे घटनाबाह्य ठरवली, पण ती दिल्लीपुरती.

आता दुसरे पुस्तक उघडा. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला लावता येणार नाही. मात्र चित्रपट, जाहिरात, दूरचित्रवाणी मालिका व तत्सम करमणुकीत 'कलावंत' म्हणून काम करता येईल. अपवाद एकच: सर्कस. २०१७ च्या नियमांनी ह्या बालकलावंतांना संरक्षणही दिले आहे. दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, सलग तीन तासांहून अधिक नाही, आणि मिळकतीचा निदान पाचवा हिस्सा मुलाच्या नावे बँकेत मुदत ठेव. हे चांगलेच आहे. परंतु स्टुडिओच्या दिव्याखाली नाचणारे मूल कलावंत आणि उन्हात दोरावर नाचणारे मूल भिक्षेकरी, ही विभागणी कलेच्या गुणावरून झालेली नाही. ती जागेवरून आणि जातीवरून झाली आहे. कोल्हाटी, डोंबारी ह्यांची नावे महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहेत. त्या यादीत नोंद झाली, पण जन्माने मिळालेला दोर सुटला नाही.

येथे आपल्यातलेच काही मित्र म्हणतील, की ही लोककला आहे, ती जपली पाहिजे. लोककला जपायची भाषा ज्यांच्या घरातली पोर दोरावर चढत नाही त्यांच्या तोंडी जास्त ऐकू येते, हे नम्रपणे नमूद करतो. आंबेडकरी चळवळीने ह्या पेचातून काढलेली वाट वेगळी होती. लग्नात वाजवणे, पोतराज होऊन अंगावर आसूड ओढणे, तमाशात नाचणे ही कामे जातीवर लादलेली म्हणून सोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले. तमाशातून आलेली मदत त्यांनी नाकारल्याची आठवण सांगितली जाते. ह्या नकाराने नाचणाऱ्या स्त्रियांवर काय बेतले ह्याची चिकित्सा शैलजा पाईक ह्यांनी २०२२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात केली आहे, आणि ती मुळातून वाचावी अशी आहे. कारण नकार देणाऱ्या पुरुषाला जे सोपे होते ते त्या स्त्रीला नव्हते. पण त्याच काळात भीमराव कर्डकांसारख्यांनी जलसा उभा केला. ढोलकी होती, गाणे होते, गावकुसाबाहेरचा तोच चौक होता. फक्त नाचणारा आता कोणाच्या हुकमाने नाचत नव्हता. आज चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बुलडाण्याच्या रस्त्यावर जी पोरे नाचतात, तीही कोणी थाळी फिरवणार म्हणून नाचत नाहीत. (त्या मिरवणुकीतल्या कानठळ्या बसवणाऱ्या भोंग्यांविषयी मला वेगळे बोलायचे आहे, पण ते पुन्हा केव्हातरी.)

तेव्हा नाच प्रतिष्ठेचा की हीन, असा हा प्रश्नच नव्हे. प्रश्न असा आहे, की नाचणाऱ्याला आज नाचायचे नसेल तर रात्री घरात भाकरी असेल काय? डॉ. किशोर शांताबाई काळे ह्यांनी १९९४ साली 'कोल्हाट्याचं पोर' लिहिले ते ह्याच प्रश्नाच्या आतून. नाचणाऱ्या आईचा हा मुलगा शाळेत टिकला, डॉक्टर झाला, आणि बापाच्या जागी त्याने आईचे नाव लावले.

शाळेत टिकणे हीच दोरावरच्या पोरीची खरी अडचण आहे. पाल आठ दिवस ह्या गावाला, आठ दिवस त्या गावाला. मुख्याध्यापक दाखला मागतात, जन्माची नोंद मागतात, आणि ती नसली की 'पुढच्या वर्षी या' म्हणतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने हे उत्तर बेकायदा केले आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाही. कधीच शाळेत न गेलेल्या मुलीला तिच्या वयाच्या वर्गात बसवायचे आणि मागचे भरून काढण्यासाठी वेगळे शिकवायचे, हे शाळेचे काम आहे, आईचे नव्हे. ज्या शिक्षकांच्या हाती हा अंक पडेल त्यांच्या गावाच्या शिवारातही बाजाराच्या आदल्या दिवशी पाल पडलेले असेल. हजेरीपट घेऊन तिथवर चालत जायला दहा मिनिटे लागतात.