गोड नसलेली साखर

‘मधुमेह म्हटला की गोड बंद’ हे आपण सारेच ऐकत आलो. पण पास्ता कुठे गोड असतो? मग पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या मुलाने रात्री बशीभर पास्ता खाल्ला, तर निजानीज झाल्यावर त्याच्या रक्तातली साखर का चढते? याचे उत्तर जिभेवर नाही, पिठात आहे.

पास्ता म्हणजे इटलीतल्या शेवयाच म्हणा ना! आपण ज्याला बन्सी गहू म्हणतो, त्याच जातीच्या कठीण गव्हाच्या रव्याचा तो करतात. पिठातल्या पिष्टाची पोटात साखर होते. ती पेशींत पोचवायला इन्शुलिन लागते, आणि या मुलाच्या शरीरात ते जवळजवळ तयारच होत नाही. यात दोष आईबापांचा नव्हे नि मिठाईचाही नव्हे. पूर्वी अशा मुलांना उपाशी ठेवून काही दिवस जगवीत. 1922 च्या जानेवारीत टोरांटो येथे चौदा वर्षांच्या लिओनार्ड टॉम्सनला इन्शुलिन टोचले गेले आणि ते दिवस पालटले. आता प्रश्न ‘खावे की नाही’ हा नाही. ‘किती आणि केव्हा’ हा आहे.

आधी ‘किती’ ते पाहू. पन्नास ग्रॅम कोरड्या पास्त्यात सुमारे 36 ग्रॅम पिष्ट असते. शिजल्यावर पाणी पिऊन त्याचे वजन दुपटीहून अधिक होते, पिष्ट मात्र तेवढेच राहते. म्हणून मोजायचे ते शिजवण्यापूर्वी. पन्नास ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतही जवळजवळ तेवढेच पिष्ट असते. तेव्हा ज्या मुलाची इन्शुलिनची मात्रा ठरलेली आहे, त्याने पास्ता भाकरीच्या जोडीला नव्हे, भाकरीच्या जागी खावा. जे पिष्ट मोजून मात्रा घेतात, त्यांचा हिशेब डॉक्टरांनी घालून दिलेला असतो. समजा, बारा ग्रॅमला एक युनिट सांगितले असेल, तर 36 ग्रॅमला तीन. हे केवळ उदाहरण बरे का. प्रत्येकाचा आकडा वेगळा.

आता ‘केव्हा’. पास्त्यातले पिष्ट गव्हाच्या चिकात अडकलेले असते, म्हणून ते सावकाश पचते. वर लोणी, चीज घातले तर आणखी उशीर. जलद इन्शुलिनचा जोर मात्र एक-दोन तासांतच सर्वांत जास्त असतो. एका जुवाला दोन बैल जुंपले आणि एक आधी धावला, दुसरा मागून आला, तर गाडी कशी चालायची? तसेच येथे होते. आधी साखर उतरू शकते आणि पुढे तीन-चार तासांनी चढते. म्हणून खाण्यापूर्वी, दोन तासांनी आणि चार तासांनी साखर तपासावी, आकडे वहीत लिहावेत आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी. इन्शुलिनची वेळ बदलायची की मात्रा विभागून घ्यायची, ते तेच सांगतील. दोन तासांनी साखर चढलेली दिसली म्हणून मनाने दुसरे इंजेक्शन टोचू नये. पहिल्याचा अंमल अजून संपलेला नसतो. पास्ता अगदी गाळ होईस्तो शिजवू नये, आणि सोबत डाळ, भाजी असावी.

गुरुजी आणि बाई, एवढे आपल्यासाठी. वर्गात अशा मुलाला दरदरून घाम आला, हात थरथरले, तो चिडचिडा झाला वा गुंगू लागला, तर त्याची साखर उतरली असे समजावे. साधारण तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर निजवून ताबडतोब दवाखाना गाठावा.

शेवटी एकच गोष्ट गावोगाव सांगा. कोणत्याही पाल्याच्या, काढ्याच्या वा पथ्याच्या भरवशावर या मुलाचे इन्शुलिन बंद करू नका. काही दिवसांत जिवावर बेतते. इन्शुलिन चालू असले, माप हाती असले आणि वही भरलेली असली, म्हणजे पंगतीत त्याचेही पान मांडायला हरकत नाही.