हरलेल्या मतांचंही मोल असतं
जानकरांच्या लढती आणि आपला मेंढपाळ

निवडणूक संपली, गुलाल उधळला, की निवडून आलेल्याचं नाव तेवढं आपण लक्षात ठेवतो. पडलेल्याला किती मतं मिळाली आणि ती कुठल्या रानातून आली, हे फारसं कुणी बघत नाही. बी उगवलं नाही तर आपण माती उकरून बघतोच ना? मग मतांचंही तसंच बघावं. मी सरकारी नोकर, माझ्या गाडीला कुठल्याच पक्षाचा झेंडा नाही. बारामती-इंदापूरच्या जिरायती गावांतून फिरताना जे दिसलं, तेच सांगतो.

महादेव जानकर मूळचे नीरेपलीकडचे, साताऱ्याच्या माण तालुक्यातले. त्यांनी २००३ साली राष्ट्रीय समाज पक्ष काढला. २००९ मध्ये नव्याने झालेल्या माढा मतदारसंघातून ते थेट शरद पवारांसमोर लोकसभेला उभे राहिले. तिसरे आले, पण ९८ हजारांवर मतं घेऊन. फलटण, माळशिरस, माण, सांगोला हा तो मुलूख, म्हणजे आपल्या नदीपलीकडचे शेजारीच.

६९ हजारांचं अंतर

२०१४ मध्ये ते बारामतीत आले. महायुतीचे उमेदवार, पण कमळावर नव्हे, स्वतःच्या पक्षातर्फे. सुप्रिया सुळे यांना ५ लाख २१ हजार मतं पडली, जानकरांना ४ लाख ५१ हजार. फरक ६९,७१९ चा. त्याआधी २००९ मध्ये हाच फरक ३ लाख ३६ हजारांचा होता, आणि पुढे २०१९ मध्ये १ लाख ५५ हजारांचा. एकट्या बारामती विधानसभा क्षेत्राने सुळे यांना दिलेली आघाडी त्या ६९ हजारांहून मोठी होती. बारामतीने तारलं, असं लोकं म्हणाली ती उगाच नाही.

आता यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्याकडं नीरा डाव्या कालव्याखाली ऊस डोलतो, आणि सुप्याकडच्या माळावर पावसाची वाट बघावी लागते. त्या माळावरचा मेंढपाळ दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाची वाट धरतो आणि पावसाच्या तोंडावर माघारी येतो. लोकसभेचं मतदान कधी होतं? २०१४ ला १७ एप्रिल, २०१९ ला २३ एप्रिल, २०२४ ला ७ मे. म्हणजे ऐन उन्हाळ्यात, वाडा परमुलखात असताना! ज्यांच्या भरवशावर माणूस उभा राहिला, त्यातले कितीतरी त्या दिवशी दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवून होते. त्यानं निकाल फिरला असता असं मी म्हणत नाही, ते मोजायला माप नाही. पण मताचा हक्क बुडाला, एवढं खरं.

हरल्यावर काय झालं?

त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान झालं. तेव्हा दिवाळी व्हायची होती. दौंडमधून राहुल कुल जानकरांच्याच पक्षातर्फे निवडून आले. जानकर स्वतः विधान परिषदेवर गेले आणि २०१६ ते २०१९ पशुसंवर्धन, दुग्धविकास आणि मत्स्यविकास खात्याचे मंत्री होते. त्याच काळात, २०१७ मध्ये, राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आली. वीस मेंढ्या आणि एक नर असा गट, ७५ टक्के अनुदान. साडेचार लाख हरलेली मतं पार वाया गेली, असं मग कसं म्हणायचं? पुढे २०२४ मध्ये जानकर परभणीतून लोकसभेला उभे राहिले आणि तिथंही पडले. तो हिशेब परभणीकरांचा. आपला हिशेब आपल्या वाड्यापुरता.

मागं एका वाड्यावर कांद्याच्या करप्यावर बोलत होतो. एक म्हातारबा मधेच म्हणाले, "सायेब, करपा र्‍हाऊ द्या. यादीत माझं नाव हाय का तेवढं बघा." पोराला विचारलं तर त्यालाही पत्ता नव्हता. त्या दिवशी करप्याचा विषय तिथंच थांबला.

एवढं करा

दिवाळीला सगळे घरी असता, तेव्हाच मतदार यादीत नावं बघून घ्या. तपासणीला माणूस आला आणि वाड्यावर कुणीच नसलं, तर नावाला कात्री लागू शकते. नाव नसेल तर सहा नंबरचा फॉर्म भरा. मेंढरामागं असलेल्यांना टपालाने मत देण्याची सोय नाही, म्हणून मतदानाच्या आदल्या दिवशी जमतील तेवढ्यांनी यष्टीनं गावी यावं. मागं राहणाऱ्यांनी शेजारच्या वाड्याची मेंढरं सांभाळावीत, आणि पुढच्या खेपेला पाळी बदलावी. मत मागायला येईल त्याला, तो कुठल्याही पक्षाचा असो, विचारा: चराईचं काय? वाटेत जनावरांचा डॉक्टर कुठं भेटेल? अनुदानाच्या यादीत आमच्या गावचे किती?

उमेदवार पडला तर पुढच्या वेळी पुन्हा उभा राहतो. आपलं नाव यादीतून गेलं, तर आपल्यासाठी कोण उभं राहणार?