सुहैली घरी निघाली

मे महिन्यात गावी जायचं म्हटलं की आमच्याकडे होळीपासूनच तयारी सुरू व्हायची. गिरगावातल्या दोन खोल्या, खाटेखालची पत्र्याची ट्रंक आणि बाबांची वही. बाबा गिरणीत हिशेबनीस, त्यामुळे वहीला समास आखलेला, वर ‘न्यावयाच्या वस्तू’ असं शीर्षक आणि खाली अनुक्रमांक. कंदिलाच्या काचा दोन, रहाटाचा दोर, आजीची तपकीर. मग एके सकाळी भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोट. आमच्या बंदरात बोट खोल पाण्यातच थांबायची आणि आम्ही शिडीवरून पडावात उतरायचो. आईचा एक हात माझ्या मनगटाला, दुसरा ट्रंकेच्या कडीला.

त्याच सुमारास, १९६५ साली, त्याच मुंबई बंदरात आणखी एक जण घरी जायच्या तयारीत होता. त्याचं घर मात्र इंग्लंडात. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन त्याचं नाव. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटींवरचा पंचविशी-सव्विशीतला अधिकारी. बोटीवरच नोकरी असलेल्या माणसाला घरी जायला बोटींचा काय तोटा? पण या गृहस्थाला स्वतःची शिडाची नौका बांधून जायचं होतं.

तयारीची सुरुवातच चुकीनं झाली. इंग्लंडातून आराखडे मागवले एका नौकेचे आणि आले भलत्याच. ‘एरिक’ नावाची ती नौका विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकन रचनाकारानं १९२० च्या दशकात नॉर्वेच्या जीवरक्षक नौकांवरून बेतली होती. दोन्ही टोकांना निमुळती, अंगानं जड, वेगाच्या नावानं शंख. पण खवळलेल्या समुद्रात भरवशाची. बदलून मागवायला वेळ नव्हता, तेव्हा आहे त्याच आराखड्यावर काम सुरू झालं. आमच्या बाबांनी त्या कंपनीशी वर्षभर पत्रव्यवहार केला असता.

कुलाब्याच्या कारखान्यात ३२ फुटांची नौका उभी राहिली, सगळी सागवानी. सुतार वाकसानं लाकूड तासत आणि दोरीनं फिरवायच्या सामत्यानं भोकं पाडत. मुंबईच्या सागवानी कामाची ख्याती तशी जुनी. वाडियांनी इथल्या गोदीत बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरलं, ते इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगतं आहे.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी बँकेच्या कुलाब्याकडच्याच एका शाखेत होतो. दुपारी पाय मोकळे करायला ससून डॉकपर्यंत जाई आणि मनाशी म्हणे, या माणसाचा कर्जाचा अर्ज आपल्या टेबलावर आला असता तर? अर्जदाराचं वय पंचवीस, वारंवार परगावी. कर्जाचं प्रयोजन : गावी जाणे. तारण : एक होडी, जी कर्ज मिळाल्यावर देश सोडून जाणार आहे. मी निःसंशय ‘नामंजूर’ लिहिलं असतं, आणि निरीक्षकांनी माझी पाठ थोपटली असती.

नौकेचं नाव ठेवलं ‘सुहैली’. इराणच्या आखातातले अरब खलाशी आग्नेयेकडच्या वाऱ्याला या नावानं ओळखतात. त्यातला ‘सुहैल’ म्हणजे आपला अगस्त्याचा तारा. भाद्रपदात तो उगवला की गढूळ पाणी निवळतं असं आपल्याकडे मानतात, आणि समुद्र प्राशन करणारा ऋषीही तोच. बोटीला याहून योग्य नाव कुठून आणायचं?

समुद्रावर निघायचं म्हणजे पाणी माणशी रोज किती, शिडाची सुई कुठे, सुटे भाग कोणते, हे सगळं आलंच. घड्याळाचं तर विशेष. सेक्स्टंटनं सूर्य मोजून जागा काढायची त्या काळात घड्याळ चार सेकंद चुकलं, तर विषुववृत्तापाशी नौकेची जागा एक सागरी मैल चुकायची. पण सगळ्यात मोठा अडसर वाऱ्याचा. पावसाळा सरल्यावर अरबी समुद्रावर ईशान्येचा वारा धरतो. त्याच्याच बळावर अरबी आणि कच्छी गलबतं शेकडो वर्षं आफ्रिकेला जात आली, आणि नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की परत फिरली. वसंतात हा ईशान्येचा वारा पडतो. हंगाम हुकला की वर्ष गेलं. वारा कोणाच्या यादीसाठी थांबत नाही.

सुहैली १९६४ च्या अखेरीस पाण्यात उतरली होती. १९६५ संपता संपता नॉक्स-जॉन्स्टन, त्याचा भाऊ आणि एक मित्र अशा तिघांनी मुंबई सोडली. सगळं जमलं होतं का? पैसे तर नव्हतेच. दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोचता पोचता गाठीचे संपले, तेव्हा तिथे थांबून नोकऱ्या केल्या, पैसे साठवले आणि पुन्हा शिडं उभारली. केपटाउनहून निघाले ते वाटेत कुठेही न थांबता १९६७ साली इंग्लंडला पोचले. म्हणजे घरचा रस्ता वर्षाहून जास्त लांबला.

पुढचं जगाला ठाऊक आहे. हीच कुलाब्याची नौका घेऊन तो १४ जून १९६८ ला एकटा फाल्मथहून निघाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ ला तिथेच परतला. असं करणारा तो पहिला माणूस. वाटेत पाण्याखालचा सांधा गळायला लागला, तेव्हा बुडी मारून त्यानं त्यात कापूस ठोकला होता.

नंतर सुहैलीला ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात मानाची जागा मिळाली. पण तिथल्या कोरड्या, राखलेल्या हवेत सागवान आकसू लागलं, फळ्यांचे सांधे उघडू लागले. २००२ साली मालकानं तिला तिथून बाहेर काढलं.

बाबांच्या त्या वहीत मागच्या बाजूनं आणखी एक यादी आहे. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती सुरू केली. शीर्षक : ‘कायमचे गावी जाताना’. कौलं शाकारणे, विहिरीचा गाळ, विजेचं मीटर, खत, पेन्शनचं खातं बदलणे. बऱ्याच नोंदींपुढे बरोबरच्या खुणा आहेत. एकेक काम उरकायचं तोवर खाली दोन नवी यायची. आई दरवर्षी विचारायची, “यंदा तरी?” बाबा म्हणायचे, “थोडं राहिलंय.” ते गेले गिरगावातच, त्याच खाटेवर.

शेवटची नोंद ८७ वी आहे : ‘बोटीचे वेळापत्रक पाहणे.’ तिच्यापुढे खूण नाही. कोकण बोट बंद झाली तेव्हा बाबा हयात होते.

परवा वही पुन्हा ट्रंकेत ठेवली. मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, आणि माझी स्वतःची यादी सध्या एकतिसाव्या आकड्यावर आहे.