परसांतील वाटाणा आणि त्याचा आधार

परसबाग करणाऱ्या पुष्कळ घरांतून वाटाण्याविषयीं एकच तक्रार ऐकूं येते. बीं चांगलें उगवतें, रोपें वीतभर होईपर्यंत दृष्ट लागण्याजोगीं दिसतात, आणि मग एके दिवशीं सगळा वाफा आडवा पडतो. जमिनीवर लोळणाऱ्या वेलांतील फुलें दिसत नाहींत, शेंगा धरतात त्या चिखलांत मळतात, खालचीं पानें पिवळीं पडतात, आणि शेवटीं हातीं ओंजळभर दाणे लागतात. मग कोणी बियाण्यास दोष देतो, कोणी हवेस. आणि पुढील वर्षीं त्या वाफ्यांत मुकाट्यानें मेथी पेरली जाते. वस्तुतः दोष बहुधा बियाण्याचा नसतो आणि हवेचाहि नसतो. वाटाण्यास आधार दिलेला नसतो, किंवा दिला असल्यास तो उशिरां आणि भलत्याच जाडीचा दिलेला असतो.

हिंवाळ्यांत मंडईंत वाटाण्याचे ढीग पडत असतां घरीं हा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न कोणीहि विचारील. त्याचें उत्तर दाण्याच्या गोडींत आहे. ओल्या वाटाण्याची गोडी साखरेची असते, आणि शेंग वेलावरून तोडल्याबरोबर ती साखर पिष्टमय पदार्थांत पालटूं लागते. हवा उबदार असेल तर हा पालट कांहीं तासांतच जिभेला कळतो. शेतांतून अडत्याकडे, अडत्याकडून मंडईंत आणि मंडईंतून आपल्या घरीं येईपर्यंत शेंग हिरवीगार राहते. परंतु तिची गोडी बरीचशी वाटेंतच सरलेली असते. सकाळीं तोडलेल्या शेंगांची त्याच सकाळीं केलेली उसळ ज्यांनीं चाखली आहे, त्यांना साखरेची चिमूट कां घालावी लागत नाहीं हें समजावून सांगावयास नको. चार वाफ्यांतून मोठ्या कुटुंबाची वर्षाची बेगमी होणार नाहीं, कारण एक किलो शेंगा सोलल्या तर दाणे जेमतेम अर्धा किलो निघतात. परंतु हंगामांत आठवड्यास एक-दोनदां तरी घरच्या वाटाण्याचा भात किंवा करंज्या पानांत पडाव्या, एवढी अपेक्षा अवाजवी नाहीं.

आधार कसा असावा हें कळण्यासाठीं वेल कसा चढतो तें एकदां नीट पाहावें. घेवडा किंवा पावटा यांचें खोड स्वतःच काठीभोंवतीं वळसे घेत वर जातें, म्हणून त्यांना जाड कळकहि चालतो. वाटाण्याचें खोड असें वळत नाहीं. त्याच्या पानाच्या टोंकास सुतासारखे बारीक तंतु फुटतात. हे तंतु म्हणजे पर्णिकांचेंच बदललेलें रूप होय. चार्ल्स डार्विन यानें वेलींच्या हालचालींवर १८६५ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत वाटाण्याचाहि विचार केलेला आहे. कोवळा शेंडा आणि त्याचे तंतु हवेंत सावकाश फेऱ्या घालीत असतात. काळोखांत चांचपडणाऱ्या हाताप्रमाणें ते आधार शोधीत असतात. एखाद्या काडीचा स्पर्श झाला कीं तंतु तिच्याकडे वळतो आणि तिला विळखा घालतो. परंतु तंतूची लांबी मोजकीच असते. बोरूएवढ्या किंवा शिसपेन्सिलीहून बारीक काडीस विळखा पुरतो. गुळगुळीत जाड बांबूस तो पुरत नाहीं. म्हणूनच नुसता बांबू रोवून निश्चिंत झालेल्यांचे वेल बांबूच्या पायाशींच लोळतांना दिसतात. योग्य आधार सांपडला नाहीं तर तंतु शेजारच्या रोपासच धरतात, आणि मग एक पडलें कीं त्याच्यासंगें दहा पडतात.

आधार किती उंच करावा हें बियाण्याच्या जातीवर ठरतें. वाटाण्यांत ठेंगण्या आणि उंच अशा दोन्ही तऱ्हा आहेत, आणि हा भेद शास्त्राच्या इतिहासांत अमर झालेला आहे. ग्रेगॉर मेंडेल या मठवासी धर्मगुरूनें १८५६ ते १८६३ या काळांत ब्रनो येथील मठाच्या बागेंत वाटाण्यावर प्रयोग केले. हें शहर आज झेक प्रजासत्ताकांत आहे. सहा-सात फूट वाढणारी जात आणि पाऊण ते दीड फुटांचीच राहणारी जात यांचा त्यानें संकर केला. पहिल्या पिढीचीं सर्व रोपें उंच निघालीं. त्यांच्या बियांपासून झालेल्या १०६४ रोपांत ७८७ उंच आणि २७७ ठेंगणीं भरलीं. या तीनास एक प्रमाणांतून आनुवंशिकतेचे नियम हातीं आले, हें शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असतें. परंतु १८६६ सालीं छापलेल्या त्याच्या निबंधांतील एक बारीकसा तपशील क्वचितच कोणाच्या ध्यानांत राहतो. आपलीं रोपें उभीं राहावीं म्हणून मेंडेलनें काठ्या, झाडांच्या डहाळ्या आणि ताणून बांधलेल्या दोऱ्या वापरल्या होत्या. आपल्या परसांतील वाटाण्यासहि याहून निराळें कांहीं लागत नाहीं.

बीं विकत घेतांना तें सुरकुतलेलें दिसलें म्हणून परत करूं नये. गोल, गुळगुळीत बियांच्या जाती काटक असतात व वाळवून ठेवण्यास बऱ्या; ओले दाणे खाण्यास मात्र सुरकुतलेल्या बियांच्या जातीच गोड. त्याचें कारण इंग्लंडांतील संशोधकांनीं १९९० सालीं थेट जनुकापर्यंत शोधून काढलें. या जातींत पिष्ट बनविणारें एक एंझाइम नीट तयार होत नाहीं. त्यामुळें दाण्यांत साखर अधिक राहते, पाणीहि अधिक शिरतें, आणि वाळतांना दाणा आक्रसतो. आपल्याकडे मिळणाऱ्या अशा जातींत ‘अर्केल’ ही ठेंगणी व लवकर येणारी असून तिच्या शेंगा सुमारें दोन महिन्यांत तोडणीस येतात. ‘बोनव्हिल’ तिच्याहून उंच वाढते आणि तिला सुमारें तीन आठवडे अधिक लागतात. थोडें थोडें दोन्ही लावावें, म्हणजे एकीचा बहर ओसरतां ओसरतां दुसरीचा सुरू होतो.

वाटाण्यास थंडी प्रिय आहे. फुलोऱ्याच्या वेळीं ऊन कडक झालें तर फुलें गळतात, म्हणून देशावर दसऱ्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरणी उरकावी. पुरंदर तालुक्यांत सासवडच्या बाजूस पावसाळ्यांतहि वाटाणा पिकतो, तो तेथील थंड हवेच्या बळावर. सर्वांनीं तें अनुकरण करूं नये. कोंकणांत थंडी तोकडी असते, तेथें नोव्हेंबरांत लवकर येणारी जातच लावावी. ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यांत अर्केल पेरली तर भोगीच्या भाजीस घरचे दाणे मिळण्याचा संभव असतो.

आतां प्रत्यक्ष कृति. पाण्याचा निचरा होणारी जमीन खणून तींत चांगलें कुजलेलें शेणखत मिसळावें. बीं एक रात्र भिजवावें. सहा इंचांच्या अंतरानें दोन समांतर रेघा ओढून त्यांत दोन-दोन इंचांवर, दीड इंच खोल बीं टाकावें. अशा एका जोडओळीपासून दुसरी जोडओळ ठेंगण्या जातीस दोन फुटांवर आणि उंच जातीस तीन फुटांवर असावी. ओळ शक्यतों दक्षिणोत्तर धरावी, म्हणजे दोन्ही अंगांस ऊन मिळतें. चिमण्या, कबुतरें आणि खारी कोंवळे कोंब खुडतात. म्हणून पहिले पंधरा दिवस ओळींवर जुनें जाळें किंवा कांटेरी फांद्या पसराव्या.

आधार पेरणीच्याच दिवशीं उभा करावा, किंवा फार तर रोपें तीन-चार इंचांचीं होतांच. पुढें काठ्या रोवूं लागल्यास मुळें दुखावतात आणि पडलेला वेल उचलतांना पिचतो. ठेंगण्या जातीस अडीच फुटांच्या, पुष्कळ फांद्या असलेल्या काटक्या पुरतात. तुराट्या, पऱ्हाट्या, किंवा कुंपणाच्या मेंदीची व डाळिंबाची छाटलेली डहाळी यांच्याइतका सोईचा आणि बिनखर्ची आधार दुसरा नाहीं. जोडओळीच्या मधोमध त्या वीतवीत अंतरावर, अर्धा फूट जमिनींत जातील अशा खुपसाव्या व एकमेकींत किंचित् गुंतवून ठेवाव्या. ओली डहाळी आठ दिवस वाळवून मग वापरावी, नाहीं तर तीच मूळ धरावयाची.

उंच जातीस दोन्ही टोंकांना साडेसहा फुटांचे बांबू दीड फूट खोल गाडावे. ओळ लांब असेल तर दर पांच-सहा फुटांवर आणखी एक द्यावा. जमिनीपासून चार इंचांवर पहिली सुतळी बांधावी, आणि तेथून दर सहा इंचांवर एक याप्रमाणें वरपर्यंत बांधीत जावें. प्रत्येक सुतळी बांबूंच्या दोन्ही बाजूंनीं न्यावी, म्हणजे वेल मधल्या गल्लींत उभा राहतो. या आडव्या सुतळ्यांतून कांहीं उभ्या दोऱ्या सोडल्या तर तंतूंना धरावयास दुप्पट जागा मिळते. बांबू भार सोसतात व सुतळी तंतूंच्या हातीं लागते. दोहोंचें काम निराळें आहे. वेल चुकून बाहेर झुकला तर त्यास हलक्या हातानें आंत वळवावा, आणि बांधणें अगदींच प्राप्त झालें तर सैल फांस घालावा. वाटाण्याचें खोड पोकळ असतें. आवळून बांधलें कीं तें तेथेंच चेपतें.

खतपाण्याचा अतिरेक नको. वाटाण्याच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र बांधून रोपास पुरवितात. वरून नत्रयुक्त खत पुष्कळ घातलें तर पाला माजतो आणि शेंगा कमी धरतात. पाणी बेताचें द्यावें, परंतु फुलें येतांना व दाणे भरतांना जमीन कोरडी पडूं देऊं नये. थंडी सरत आली कीं पानांवर पीठ भुरभुरल्यासारखा भुरी रोग दिसूं लागतो. वेल उभे व मोकळे असले तर त्यांतून वारा खेळतो, रोगट पानें वेळींच नजरेस पडतात आणि गंधकाची भुकटी सर्वत्र पोंचते. लोळणाऱ्या वेलांत हें कांहींच साधत नाहीं.

ज्यांना परस उरलेलें नाहीं, गच्ची तेवढी आहे, त्यांनींहि निराश होऊं नये. फूटभर खोलीच्या कुंडींत किंवा तळाशीं भोंकें पाडलेल्या जुन्या डब्यांत अर्केलचीं सहा-सात रोपें सुखानें वाढतात. मधोमध काटक्यांची एक जुडी पसरून खुपसली कीं काम झालें.

तोडणी हें घरांतील लहानथोरांचें काम. शेंगा फुगून त्यांचा तजेला कायम असतांनाच, दर दोन-तीन दिवसांनीं त्या काढाव्या. एका हातानें वेल धरून दुसऱ्या हातानें शेंग तोडावी, हें मुलांना पहिल्याच दिवशीं शिकवावें. एका हातानें हिसकल्यास तंतु सुटतात आणि वेल आधारावरून खालीं येतो. राहून गेलेल्या शेंगा वेलावर जून झाल्या कीं नवीं फुलें येण्याचें मंदावतें, म्हणून सकाळीं आजोबांनीं फेरी मारतांना पानांआड दडलेल्या शेंगा नातवंडांस दाखवाव्या. मुलांना आणखी एक गोष्ट बजावून ठेवावी. शोभेसाठीं लावतात तो सुवासिक फुलांचा ‘स्वीट पी’ दिसण्यांत वाटाण्याचाच भाऊ, पण त्याचे दाणे विषारी असतात. तो वेल भाजीच्या वाफ्याजवळ लावूंच नये.

हंगाम संपला म्हणजे वेल उपटूं नयेत, जमिनीलगत कापावे. गांठींसह मुळें मातींत राहिलीं तर त्यांतील नत्राचा कांहीं अंश पुढच्या पालेभाजीस मिळतो. वाटाणा मात्र त्याच वाफ्यांत लागोपाठ दुसऱ्या वर्षीं घेऊं नये. सर्वांत निरोगी, भरपूर शेंगा देणारे दोन-तीन वेल आरंभींच हेरून त्यांस सुताची खूण बांधावी आणि त्यांच्या शेंगा वेलावरच वाळूं द्याव्या. वाटाण्याच्या फुलांत परागीभवन बहुधा फूल उमलण्यापूर्वींच होऊन जातें, त्यामुळें शेजारीं दुसरी जात असली तरी बीं सहसा जातिवंत राहतें. तें बीं चांगलें वाळवून, जातीचें नांव व साल लिहून, कोरड्या बरणींत ठेवावें. आणि तुराट्यांची मोळी व सुतळीचें गुंडाळें त्याच फडताळाशेजारीं असूं द्यावें, म्हणजे पुढील दसऱ्यास बरणी उघडणाऱ्यास बियांबरोबर आधाराचीहि आठवण होईल.